सहा नंबरच्या वाफ्याची चौकशी

अप्पा देवस्थळी मुळ्याला हिरवी झेंडी दाखवत.

हे मी अलंकारिक लिहीत नाही. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ते शेताच्या बांधावर उभे राहत. डाव्या बगलेत गुंडाळलेली लाल झेंडी, उजव्या हातात हिरवी, तोंडात शिट्टी. शिट्टी एकदा लांब वाजे, झेंडी वर जाई आणि मगच खुरपी जमिनीला लागत. झेंडीच्या आधी कुणी गवताची एक काडी उपटली, तर अप्पा ती परत रोवायला लावत. मी स्वतः एकदा रोवली आहे. ती जगली नाही.

झाशीच्या नगऱ्यातल्या आमच्या क्वार्टरपासून अप्पांचं शेत एक हजार चारशे वीस पावलांवर होतं. मी रेल्वेच्या स्टोअरमध्ये नोकरीला असल्यामुळे मोजण्याची सवय अंगात मुरलेली. शेत जेमतेम पाऊण एकर, त्यात एक विहीर, एक कडुनिंब आणि चौदा वाफे. वाफ्यांना नंबर होते आणि त्यांचे पत्रे रंगवून रुळाच्या भंगारावर ठोकलेले होते. एक ते पाच मेन लाइन, सहा ते तेरा गुड्स लाइन, आणि चौदा नंबरला, म्हणजे खताच्या खड्ड्याला, लूप लाइन. "पालक राइट टाइम," अप्पा फेरी मारताना मला सांगत, "मेथी चार दिवस लेट. वाटाण्याचं सांगता येत नाही, आउटर सिग्नलला उभा आहे."

या राइट टाइमला एक इतिहास होता. अप्पांनी एकतीस वर्षं मालगाडीवर गार्डची नोकरी केली. मालगाडीला कसलं आलंय टाइमटेबल? मेल आली, थांबा. एक्स्प्रेस आली, थांबा. पॅसेंजर आली, तरी थांबा. भुसावळहून बदलून झाशीला आल्यावर ते तीनदा मुलगी बघायला निघाले आणि तिन्ही वेळा आदल्या दिवशी त्यांची गाडी कुठल्या तरी लहान स्टेशनाबाहेर सिग्नलला उभी राहिली. चौथ्यांदा कुणी मुलगी दाखवली नाही. "भालेराव," ते मला म्हणत, "जन्मात एकदा तरी काहीतरी वेळेवर पोचवायचं होतं. आता भेंडी पोचवतो."

शेतात रासायनिक खताचा कण चालत नसे. आता याला सेंद्रिय म्हणतात आणि वर्तमानपत्रात त्यावर लेख येतात. अप्पांच्या वेळी कॉलनीत त्याला 'अप्पांचा हट्ट' म्हणत. हट्टाचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. मालगाडीतून युरियाची पोती जात, ती फाटत, आणि त्यांचा वास मागे गार्डच्या ब्रेकव्हॅनमध्ये येई. डब्यातल्या पोळीलासुद्धा तो लागे. "एकतीस वर्षं ज्याच्या मागे बसून जेवलो, ते आता पुन्हा ताटात नको."

खतासाठी ते संध्याकाळी सात वाजता कॉलनीतून भाजीची सालं गोळा करत. सायकलला दोन डबे, खिशात पावतीपुस्तक. सालं दिली की पावती मिळे. लिंबाची सालं आली तर 'डॅमेज' असा शेरा मारून परत. एकदा आमच्या सालांतून एक चमचा गेला. दुसऱ्या दिवशी तो हरवलेल्या सामानाच्या चिठ्ठीसह घरी आला, आणि तो आपलाच आहे याची सौभाग्यवतींना, म्हणजे मालतीला, दोन साक्षीदारांपुढे ओळख पटवावी लागली. साक्षीदार म्हणून अप्पांनी शेजारच्या दोन बायका बरोबरच आणल्या होत्या. "उद्या हे भेंडीला प्लॅटफॉर्म तिकीट मागतील," मालती म्हणाली. पण सालं मात्र तिने त्या दिवसापासून निवडून ठेवायला सुरुवात केली.

एकट्याच्याने चौदा वाफे होत नाहीत. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी टहरौलीकडच्या एका गावातून कुसमा नावाची बाई येई. बरोबर तिची सून आणि गावातल्या दोन बायका. लावणी, खुरपणी, वाटाण्याची तोडणी करून होळीच्या आधी गव्हाच्या कापणीला परत. राहायला विहिरीजवळची खोपी, तिला त्या 'टपरिया' म्हणत. कुसमाचं वय पन्नाशीचं, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, आणि तिचा आवाज मी मोजून पाहिला आहे: वारा आमच्या बाजूने असला तर चौदाशे वीस पावलं सहज येई.

अप्पांच्या राज्यात नियम न पाळणारी ती एकटीच होती. शिट्टी वाजायच्या आधी तिचं अर्धं काम झालेलं असे.

"कुसमा! सिग्नल नहीं हुआ है अभी!"

"झंडी सें मूरा नईं बढ़त, गारड साब. मूरा पानी सें बढ़त."

"यह वॉर्निंग है."

"हओ. कल की सोई धरी है, ओई में मिला लेओ."

कालची वॉर्निंग अजून तशीच पडली आहे, तिच्यातच ही मिळवा! अप्पा लालबुंद होऊन माझ्याकडे वळत आणि म्हणत, "नियमात बसतं का हे?" मी म्हणे, बसत नाही. मग ते खूश होत. सकाळचं हे भांडण सरासरी अकरा मिनिटं चाले. त्यानंतर अप्पांची चाल बदललेली असे. मी सायकलवरून ऑफिसला जाताना पाहत असे, वाफ्यांमधून ते जवळजवळ उड्या मारत चाललेले असत.

एका वर्षी सहा नंबरच्या वाफ्यातली गोभी बिघडली. महाराष्ट्रातले लोक हिला फ्लॉवर म्हणतात. आमच्या झाशीच्या मराठीत ती गोभीच. चौऱ्याऐंशी रोपं, पानं पिवळी, वाढ बंद. अप्पांनी शेणाचं पाणी दिलं, निंबोळीची पेंड घातली, ढेकळं हाताने फोडली. काही फरक नाही. रोज सकाळी झेंडी दाखवून झाली की ते सहा नंबरपाशी जाऊन उकिडवे बसत आणि पानं बोटांत धरून ठेवत. न्याहारीचा डबा उघडत नसत. मग एकाएकी गोभी सुधारली. पानं निळसर हिरवी झाली, गड्डे भरले. अप्पा म्हणाले, "पेंडीचा गुण. उशिरा येतो, पण येतो."

आणि इथे माझ्या हातून नको ते झालं.

दर रविवारी मी गोभीच्या प्रत्येक वाफ्यातले पाच गड्डे तोलून अप्पांना आकडा सांगत असे. छंद म्हणा. त्या रविवारी पाच नंबरची सरासरी सहाशे चाळीस ग्रॅम आली आणि सहा नंबरची अकराशे दहा. मला फार आनंद झाला. मी मोठ्याने म्हणालो, "अप्पा, ही आजारी गोभी तर धडधाकट गोभीच्या पावणेदोनपट झाली!" शेजारच्या वाफ्यात कुसमाची खुरपी थांबली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबू, तुमें तौलबे के सिवाय कछू काम नइयां?"

अप्पांनी एक गड्डा उचलला. मग खाली वाकून माती नाकाशी नेली. एकतीस वर्षांचं नाक ते.

"कुसमा?"

"हओ," ती सरळ म्हणाली. "डार दई ती. भइया के खेत सें लै आए ते. मर रई ती बिचारी." भावाच्या शेतातून आणून तिने युरिया घातला होता.

अप्पांनी चौऱ्याऐंशी रोपं स्वतः उपटली आणि रेल्वेच्या डेअरीतल्या म्हशींना घालून आले. म्हशींना नियम लागू नव्हते. संध्याकाळी ते कार्बन लावून लिहायला बसले: चार पानं, तीन प्रती, शुद्ध हिंदी. आरोप क्रमांक एक, प्रतिबंधित पदार्थ आवारात आणणे. आरोप क्रमांक दोन, तो सहा नंबरला देणे. दहा दिवसांत लेखी खुलासा करावा.

चार्जशीट! अप्पांना त्यात काही वाटलं नाही. त्यांना स्वतःला नोकरीत सतरा चार्जशीटी मिळाल्या होत्या आणि त्या सगळ्या त्यांनी ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. चार्जशीट येते, माणूस खुलासा करतो, साहेब दोन शब्द बोलतो, आपण चार बोलतो, शेवटी वॉर्निंग मिळते आणि चहा होतो. रेल्वेच्या माणसाला हे भांडणाचंच लेखी रूप वाटतं. कुसमाने कागद हातात घेतला नाही, म्हणून अप्पांनी नियमाप्रमाणे तो टपरियाच्या दाराला खळ लावून चिकटवला.

सकाळी टपरिया रिकामी होती. जमीन सारवलेली, खुरपी धुऊन ओळीने लावलेली, कागद नव्हता. अप्पांनी झेंडी दाखवली. शेतात कुणी नव्हतं.

"गैरहजर," ते मला म्हणाले. "मुदत दहा दिवसांची आहे. खुलासा येईल."

दहाव्या दिवशी कडुनिंबाखाली चौकशी भरली. चौकशी अधिकारी म्हणून अप्पांनी माझी नेमणूक केली. मला एक खुर्ची, त्यांना एक खुर्ची आणि आरोपीसाठी तिसरी खुर्ची. तिच्यावर त्यांनी उशी ठेवली होती; रेल्वेच्या कुठल्या चौकशीत आरोपीला उशी मिळते, मला माहीत नाही. नियमाप्रमाणे त्यांनी बांधावर जाऊन तीन वेळा पुकारा केला. "कुसमा बाई, हाजिर हो!" तिसऱ्या वेळी आवाज बराच बारीक होता.

खरी गोष्ट मला नाक्यावरच्या लखन चहावाल्याकडून कळली. भल्या पहाटे त्या चौघी कागद घेऊन त्याच्याकडे आल्या होत्या. कुसमाला अक्षर येत नव्हतं. लखनने वाचलं. "बाबूजी, उसमें आरोप लिखा था, जाँच लिखी थी. हमने कहा, चाची, ये तो थाने का कागज लगता है." कुसमाने कागद घडी करून कमरेला खोचला आणि पहिली बस धरली.

मी हे अप्पांना सांगितलं. ते बराच वेळ विहिरीत बघत राहिले. मग म्हणाले, "पोलीस? तिला वाटलं, मी पोलीस...?"

उरलेल्या हंगामासाठी त्यांनी नगऱ्यातले चार गडी ठेवले. फार आज्ञाधारक माणसं. सहा दहाला हजर, शिट्टीशिवाय हलायचे नाहीत. प्रत्येक गोष्टीला "जी बाबूजी". पाच दिवसांनी अप्पांनी मुद्दाम लाल झेंडी दाखवून सांगितलं, "चलो, काम चालू."

"जी बाबूजी," म्हणून चौघे कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाजराला मुळा म्हटलं. "जी बाबूजी."

"भालेराव," अप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे नुसते डबे आहेत हो. इंजिन नाही." तोडणी वेळेत पुरी झाली. मी विचारलं, वाटाणा राइट टाइम ना? त्यांनी मान हलवली आणि घरी गेले. सालं न्यायला त्या संध्याकाळी आले नाहीत.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. कॉलनीतल्या गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी अप्पा गोभीचं बी रोपवाटिकेत टाकत. यात कधी फरक नसे. त्यांच्या वहीतला नियम असा: रोप अठ्ठाविसाव्या दिवशी वाफ्यात लावायचं. दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस, म्हणजे कुसमाचा दिवस, नेमका अठ्ठाविसावा येई. पस्तीस दिवसांपर्यंत रोप चालतं. त्यापुढचं लेट, उपटून टाकायचं.

दसऱ्याआधीच त्यांनी टपरियाला चुना लावला, कौलं फिरवली. "पावसाने खराब झाली होती," ते म्हणाले. अठ्ठाविसावा दिवस उजाडला आणि मावळला. तिसाव्या दिवशी मी म्हणालो, "नगऱ्याचे गडी बोलावू का?"

"घाई काय आहे?" अप्पा म्हणाले. घाई हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. रोपवाटिकेतली रोपं एकमेकांना ढकलत उंच चालली होती, देठ काठीसारखे बारीक. तेहेतिसाव्या दिवशी मी सरळ विचारलं, "अप्पा, टहरौलीला जायचं का?"

"जाऊ कसा? चौकशी अपुरी आहे. रिपोर्ट कुठे आहे तुमचा?"

रिपोर्ट खरंच राहिला होता. रात्री मी लिहायला बसलो तर पेच पडला. आरोप सिद्ध झाला नाही, असं लिहिता येईना, कारण युरिया तिने घातला होता. सिद्ध झाला, असं लिहावं तर तिला बोलावणार कसं? दोन दिवस घालवून शेवटी लिहिलं ते असं: 'घटना खरी आहे. परंतु आरोपपत्र आरोपीला वाचता न येणाऱ्या स्वरूपात बजावले गेले. सबब ते बजावले गेलेच नाही, आणि मूळ प्रकरणच उभे राहत नाही.' अप्पांनी ते दोनदा वाचलं.

"नियमात बसतं," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. "बस किती वाजता आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही टहरौलीला उतरलो आणि पुढे दोन कोस चाललो. अप्पांनी गार्डचा पांढरा कोट घातला होता, पितळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. ऊन ढगाआड जाऊन येऊन होतं. कुसमा शेतात भुईमूग उपटत होती, सून शेंगा तोडत होती. आम्हाला तिने पाहिलं आणि पाठ फिरवून काम चालू ठेवलं.

अप्पा बांधावर उभे राहिले, खिशातून कागद काढला आणि माझा रिपोर्ट हिंदीतून मोठ्याने वाचला. बाजूच्या शेतातली माणसं काम थांबवून बघायला लागली. वाचन संपलं.

"पढ़ लओ?" कुसमाने न वळता विचारलं.

"हाँ."

"तो अब मूंगफली उखारो. बादर हो रओ. और कुरता उतार लेओ, दूल्हा नइयां तुम."

अप्पांनी कोट काढून बाभळीला टांगला आणि भुईमुगात शिरले. त्यांना भुईमूग उपटता येत नव्हता. वेल तुटून हातात यायचा आणि शेंगा जमिनीतच राहायच्या. पहिल्या तासात त्यांनी तीन शिव्या खाल्ल्या, मी दोन.

"पुलस काए खों भेज रए ते?" तिने अचानक विचारलं.

"पुलिस नहीं, कुसमा! वह तो चार्जशीट थी. मुझे सत्रह मिली हैं. किसी ने निकाला थोड़े ही. उसका मतलब बस इतना कि जवाब दो." अप्पांचा आवाज चढला. "तुमने तो जवाब ही नहीं दिया!"

कुसमा कंबर सरळ करून उभी राहिली. "जवाब तो हम रोज देत ते, गारड साब. बिना कागद के. कागद तो तुम लै आए."

अप्पांच्या हातात तुटलेला वेल होता. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

"और जा सोई सुन लेओ," ती पुन्हा वाकत म्हणाली, "गोभी के लाने नईं डारी ती हमने. तुम भूंके बैठे रत ते ओई के ढिंगा."

गोभीसाठी नाहीच. हे तिच्यापाशी उपाशी बसून राहत, म्हणून.

वाफा उरकत आला. पश्चिमेकडे अंधारून आलं होतं. शेवटची ओळ राहिली तेव्हा ती म्हणाली, "अब जो कैने होय सो मों सें कओ. कागद हम नईं लैहें."

तोंडाने सांगा म्हटल्यावरही अप्पांचा हात खिशाकडे गेला. कोट बाभळीवर होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. मला वाटलं होतं ते माफी मागतील, किंवा चल म्हणतील. यातलं त्यांना काहीच जमलं नाही.

"गोभी का पौधा," ते म्हणाले, "चौंतीस दिन का हो गया है, कुसमा."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"छत्तीस," कुसमा म्हणाली.

"चौंतीस..."

"छत्तीस भए. गनेस जू सिराए के दूसरे दिना सें गिन लेओ. हम भी गिनत ते." तिने शेवटचा वेल मुळासकट उपटून सुनेकडे फेकला. "और छत्तीस को पौधा लग जात. पैंतीस तो तुमाई कापी में लिखो है, पौधा का कापी पढ़त? परों भुनसारें आउत हैं हम."

परवा भल्या सकाळी येते, असं तिने सांगितलं. अप्पा बांधावर बसले, ढिगातली एक शेंग उचलली आणि तिची माती झाडू लागले. एकाच शेंगेची, बराच वेळ.